लोखंडी गेट आणि जीआय पाइपचे रेलिंग: रंगाआधीची तयारी एकच की वेगळी?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
आमच्या घराचे गेट साध्या लोखंडी अँगल-पट्टीचे आहे आणि गच्चीचे रेलिंग जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचे. दोन्हींना रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइल पेंट दिला होता. आता गेटवर वेल्डिंगच्या जोडांपाशी फुगे येऊन आतला गंज दिसतो आहे. रेलिंगवरचा रंग मात्र नखाने ओढला तरी लांब पापुद्र्यासारखा निघतो आणि खालचा पाइप स्वच्छ करडा दिसतो. पावसाळा संपल्यावर दोन्ही पुन्हा रंगवायचे आहेत. पूर्वतयारी कशी करावी?

उत्तर (अंबड औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे काम):
पाइप स्वच्छ असूनही रंग सुटला, यातच कारण आहे. पाइपावर जस्ताचा थर असतो. ऑइल पेंटमधील अल्किड रेझिनाची (रंग धरून ठेवणाऱ्या तेलयुक्त राळेची) त्या जस्ताशी अभिक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमरही बहुधा अल्किडचाच असतो, म्हणून रेलिंगला तो पुन्हा लावू नये. सुटलेला रंग पूर्ण काढावा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने तेलकटपणा पुसावा आणि २२० नंबरच्या पेपरने जस्ताची चमक मरेल इतकेच घासावे. ग्राइंडर चालवून जस्त उडवले, तर पाइपाचे संरक्षणच जाते. त्यावर गॅल्व्हनाइज्ड पृष्ठभागासाठी चालतो असे डब्यावर लिहिलेला टू-पॅक (दोन डब्यांतले भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर द्यावा. इपॉक्सी उन्हात भुकटते, तेव्हा वरचा हात पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) असावा.

उत्तर (सातपूर, औद्योगिक रंगकाम):
गेटबाबत क्रम महत्त्वाचा आहे: आधी पुसणे, मग घासणे. बिजागरीचे ग्रीस न पुसता पेपर मारला, तर ते सगळीकडे पसरते आणि चरांत बसते. जोडांपाशी फुगे आले, म्हणजे तिथे वेल्डिंगचा स्लॅग (जोडावर जमणारी काचेसारखी मळी) आणि उडालेले थेंब राहिले असावेत. चिपिंग हातोडीने ते काढून ओबडधोबड जागा ग्राइंडरने सारख्या कराव्यात. केवळ तारेच्या ब्रशवर थांबू नये, कारण जास्त फिरवला की गंज निघण्याऐवजी दाबला जाऊन चकाकतो आणि काम झाल्याचा भास होतो. त्यानंतर ८० नंबरचा एमरी पेपर हवाच. अँगलवर निळसर-काळी मिलस्केल (लोखंड तापवून लाटताना त्यावर बसणारी ऑक्साइडची पापडी) उरली असेल तर तीही काढावी. ती घट्ट दिसते, पण तडकली की तिच्या कडेने गंज शिरतो आणि रंगासकट सुटते. हातसाधनांनी ती पूर्ण निघत नाही. गेट उतरवणे शक्य असेल, तर ब्लास्टिंग (कणांचा जोरदार मारा करून लोखंड साफ करणे) करून घ्यावे, तेही आयएसओ ८५०१-१ या मानकानुसार एसए २½, म्हणजे जवळपास पूर्ण स्वच्छ, दर्जाचे.

प्रश्नकर्ता:
गेट उतरवता येईल. ब्लास्टिंगनंतर ते घरी आणून सावकाश प्रायमर दिला तर चालेल का?

उत्तर (सातपूर, औद्योगिक रंगकाम):
तसे करू नये. ब्लास्ट केलेले उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच तांबूस पडू लागते, म्हणून पहिला प्रायमर तिथेच, त्याच दिवशी मारून घ्यावा. पुढचे हात घरी देताना हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास सकाळी गेटवर दव असते. ते केवळ पुसून लगेच ब्रश लावू नये, ऊन लागून लोखंड कोरडे व कोमट झाल्यावरच सुरुवात करावी. गेट फार जुने असल्यास खालच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासूनच लागू झाली. त्यामुळे असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये, मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे.