‘इन्वालिद’ला मराठीत काय म्हणावं? अपंग, विकलांग, दिव्यांग आणि सोव्हिएत संघ

तिठा

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी सोव्हिएत संघाच्या पॅरालिम्पिकमधल्या वाटचालीवर लेख लिहिते आहे. एका शब्दावर अडले आहे, म्हणून या मंचावर विचारते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६० साली रोममध्ये या स्पर्धा सुरू झाल्या. त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत संघ रोमच्याच ऑलिम्पिकमध्ये पदकतक्त्यात पहिला आला, पण पॅरालिम्पिकला त्यांचं एक माणूस नव्हतं. पुढची वीस वर्षं तेच. १९८० साली मॉस्कोत ऑलिम्पिक झालं, पण पॅरालिम्पिक भरवायला मॉस्कोने नकार दिला. त्या स्पर्धा मग नेदरलँड्समधल्या आर्नेम शहरात झाल्या. याच काळाशी जोडून एका सोव्हिएत अधिकाऱ्याच्या तोंडचं वाक्य सांगितलं जातं. आपल्याकडे ‘इन्वालिद’ (अपंगांसाठीचा रशियन शब्द) नाहीतच, असा त्याचा आशय.

त्यानंतर १९८४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी स्पर्धेत ते पहिल्यांदा उतरले, दोन कांस्यपदकं मिळाली. १९८८ साली सोल. उन्हाळी पॅरालिम्पिकमधली ही त्यांची पहिली हजेरी आणि शेवटचीही. एका फेरीत ५५ पदकं, त्यातली २१ सुवर्ण! खेळाडू बहुतेक दृष्टिहीन किंवा अंशतः दृष्टिहीन. वादिम काल्मिकोव याने एकट्याने चार सुवर्णं घेतली: उंच उडी, लांब उडी, तिहेरी उडी आणि पेंटॅथलॉन. तीन वर्षांनी तो देशच उरला नाही.

तर प्रश्न त्या वाक्याचा. माझ्या खर्ड्यात होतं, ‘सोव्हिएत संघात अपंग नाहीत.’ संपादकांनी, आदरापोटीच, ते बदलून ‘सोव्हिएत संघात दिव्यांग नाहीत’ असं केलं. वाचलं की दाताखाली खडा येतो. पण नेमकं काय चुकतंय ते मला त्यांना सांगता येत नाहीये.

बोरूबहाद्दर

ताई, खडा बरोबर लागला आहे तुम्हाला. पहिलं कारण काळाचं. ‘दिव्यांग’ हा शब्द या अर्थाने सरकारदरबारी आला तो डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सुचवल्यानंतर. मग खात्यांची नावं बदलली, २०१६चा कायदा हिंदीत ‘दिव्यांगजन’ म्हणू लागला, आणि २०२२ साली महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. १९८०च्या अधिकाऱ्याच्या तोंडी तो घालणं म्हणजे पेशव्यांच्या हाती मोबाइल देणं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते वाक्य नकाराचं आहे. नाकारणारा माणूस ज्याला नाकारतो त्याला आदराचा शब्द वापरत नाही. ‘दिव्य’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात ‘नाहीत’ म्हणायचं, हे जुळत नाही. त्या वाक्यातला कठोरपणा हाच इतिहास आहे. शब्द मऊ केला की इतिहासही मऊ होतो.

जाता जाता: हे रशियन वाक्य मी एकदा यंत्राच्या भाषांतराला घालून पाहिलं होतं. उत्तर आलं, ‘सोव्हिएत संघात अवैध लोक नाहीत.’ कारण इंग्रजीत त्याच अक्षरांचा एक अर्थ ‘अवैध’ असाही आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा आहे, ‘बळ नसलेला’.

जुना विद्यार्थी

मी १९८२ ते ८८ मॉस्कोत शिकायला होतो. तो शब्द रोज डोळ्यांसमोर होता, म्हणून लिहितो.

उच्चार ‘इन्वालीद’, आघात शेवटी. रशियनमध्ये हा शब्द फ्रेंचमधून आला आणि आधी तो जखमी किंवा थकलेल्या सैनिकासाठी होता. १८१३ साली पीटर्सबर्गला ‘रूस्की इन्वालीद’ नावाचं वर्तमानपत्र निघालं, नेपोलियनच्या स्वारीत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पैसे उभे करायला. म्हणजे शब्दाला तेव्हा मान होता.

सोव्हिएत काळात त्याचा अर्थ दप्तरी झाला. वैद्यकीय मंडळ तपासणी करून तीन गटांपैकी एकात घाली. ही तीन गटांची पद्धत १९३२ पासूनची. पहिला गट: दुसऱ्याच्या आधाराशिवाय ज्याचं भागत नाही. दुसरा: नेहमीच्या परिस्थितीत काम करू शकत नाही. तिसरा: हलकं काम करू शकतो. आपल्याकडे दाखल्यावर टक्के लिहितात, हाताचे इतके, पायाचे इतके. तिथे मोजमाप काम करण्याच्या ताकदीचं. ज्या राज्याची सगळी ओळखच कामगारांचं राज्य अशी, तिथे या शब्दाचा सरकारी अर्थ जवळजवळ ‘कामाचा न राहिलेला’ असा होतो. तो अधिकारी ‘नाहीत’ का म्हणाला असेल, याचं उत्तर मला या गटवारीत दिसतं.

आणि तरीही शब्द सगळीकडे होता! वाण्याच्या दुकानात काउंटरवर पाटी असायची की महायुद्धात लढलेले आणि युद्धातले इन्वालीद यांना रांगेबाहेर माल मिळेल. रस्त्यावर दोन माणसांची एक चिमुकली गाडी फिरायची, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली, सेर्पुखोवच्या कारखान्यात बनलेली. सरकार ती हातापायाने अधू असलेल्यांना द्यायचं. लोक तिला नुसतं ‘इन्वालीद्का’ म्हणत. तिचा फटफट आवाज मला अजून ऐकू येतो. चालवणारे बहुतेक युद्धातून परतलेले म्हातारे. चाकाच्या खुर्चीवर मात्र रस्त्यात मी फार क्वचित कुणाला पाहिलं. इमारतींना पायऱ्या, लिफ्ट अरुंद, मेट्रोला लांबच लांब सरकते जिने. माणसं होती, पण घरात होती.

मोहोर

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), आता कुबडी. या शब्दांखाली मी आयुष्य काढलं आहे, म्हणून माझंही ऐका.

लहानपणी आजी ‘पांगळी’ म्हणायची. तिच्या तोंडी त्यात तिरस्कार नव्हता, ‘गोरी’, ‘उंच’ तसंच ‘पांगळी’. आमच्याकडे भावासाठी लाकडी पांगुळगाडा होता. चालायला शिकणाऱ्या पोराला जे धरायला देतात त्याच्या नावात ‘पांगुळ’ आहे, आणि कुणाला त्यात अशुभ वाटत नाही. मीही तोच गाडा धरून उभी राहायला शिकले, जरा उशिरा.

शाळेत ‘अपंग’ आलं. एसटीत ‘अपंगांसाठी राखीव’ या अक्षरांखाली मी पंधरा वर्षं बसले. दाखल्यावर ‘अपंगत्वाचे प्रमाण’. तो शब्द मला कधी टोचला नाही, कारण तो काहीतरी देत होता: जागा, सवलत, फी माफी. आता ओळखपत्रावर ‘दिव्यांग’ आहे. खरं सांगते, माझ्या पायात दिव्य काही नाही, तो दुखतो. ज्यांना तो शब्द आवडतो त्यांना मी अडवत नाही. माझ्या मैत्रिणीला तो मनापासून आवडतो, तिचा आत्मविश्वास त्याने वाढला, आणि तेही खरं आहे.

पण तिठाताई, तुमच्या वाक्यात ‘अपंग’च ठेवा. ‘अपंग नाहीत’ हे वाचलं की मला लगेच कळतं की मी नाही असं कुणी म्हणतंय. ‘दिव्यांग नाहीत’ वाचून ते कळत नाही.

बोरूबहाद्दर

मोहोरताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनंतर माझी दोन कारणं अपुरी वाटतात.

व्युत्पत्तीचं थोडं. ‘अपंग’ संस्कृत ‘अपाङ्ग’वरून, अंग उणं किंवा व्यंग असलेला. गंमत म्हणजे संस्कृत काव्यात तोच शब्द डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यासाठी येतो, नायिकेचा कटाक्ष अपांगातून निघतो. ‘विकलांग’मधला ‘विकल’ म्हणजे उणा, खंडित. मराठीत तो कानाला जरा हिंदीकडचा लागतो, रेल्वेच्या डब्यावरचा.

आणि लेखात ‘पॅरा’ उलगडून सांगा. आज त्याचा अर्थ ग्रीक ‘शेजारी, बरोबरीने’ असा देतात, ऑलिम्पिकच्या बरोबरीने चालणारं ते. सुरुवातीला तो पॅराप्लेजिक या शब्दाचा तुकडा होता. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं अंग निकामी झालेली माणसं. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, अशा १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली, तिथून सगळं सुरू झालं. पुण्याजवळ खडकीला सैनिकांसाठी केंद्र आहे, त्याच्या नावात तोच शब्द मूळ अर्थाने आहे. दृष्टिहीन आणि अवयव गमावलेले खेळाडू १९७६च्या टोरोंटोपासून आले. सोलला सोव्हिएत संघाची पदकं बहुतांश दृष्टिहीनांची असणं शक्य झालं ते शब्दाचा अर्थ असा रुंदावल्यामुळे.

मराठी वाचकाला धागा हवाच असेल तर सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आहेत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान, १९७२ साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद. त्या तलावाच्या काठी सोव्हिएत संघाचा कुणी नव्हता, आणि त्यांच्याकडे युद्धात जायबंदी झालेले लाखो होते.

गवतफूल

एक बारीक शंका. मराठीत देशालाही ‘संघ’ आणि खेळाडूंच्या चमूलाही ‘संघ’. ‘सोव्हिएत संघ सोलला पोहोचला’ म्हणजे देश की चमू? आणि १९९२ला तर बार्सिलोनात देश विरघळलेला, पण जुन्या प्रजासत्ताकांचे खेळाडू एकत्र उतरले. त्याला काय म्हणणार?

तिठा

मी देशाला ‘सोव्हिएत संघ’ आणि खेळाडूंना ‘चमू’ ठेवते. १९९२साठी ‘एकत्रित चमू’. त्या वर्षी तीन बाल्टिक देश आपापल्या नावाने वेगळे आले होते, तेवढं नमूद करते. ‘माजी सोव्हिएत संघ’ काढून टाकलं आहे. माजी आमदार असतो, देश नव्हे. ‘विघटित’ बरं.

जुना विद्यार्थी

दोन गोष्टी राहिल्या.

एक: ‘अपंगांच्या खेळांत सोव्हिएत संघ १९८४ला आला’ असं सरसकट लिहू नका. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धांत ते १९५७च्या मिलानपासून होते. अंधांची आणि बधिरांची अखिल रशियन मंडळं अनुक्रमे १९२५ आणि १९२६ पासूनची, स्वतःचे कारखाने, क्लब असलेली. इन्वालीद मंडळींची अशी एक संस्था मात्र ऑगस्ट १९८८ला झाली, सोलच्या दोन महिने आधी. १९७८ साली तीन-चार जणांनी हक्कांसाठी गट काढला तर त्यांच्या मागे केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस, लागली. त्यातले वालेरी फेफेलोव १९८२ला देश सोडून गेले. ‘सोव्हिएत संघात इन्वालीद नाहीत!’ हे वाक्य त्यांनी १९८६ साली आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून छापलं. ते स्वतः मणक्याची इजा झालेले, चाकाच्या खुर्चीवर. म्हणजे ‘पॅरा’च्या मूळ अर्थातले.

दोन: शब्दाचं पुढे काय झालं. युक्रेनने स्वतंत्र झाल्यावर खेळांची सरकारी यंत्रणा उभारली तिचं नाव ‘इन्वास्पोर्त’. जुना शब्द अर्धा कापून खेळाला जोडला. आज युक्रेन पॅरालिम्पिकमधल्या बलाढ्य देशांत आहे. कायद्यातून मात्र त्यांनी २०१७ साली ‘इन्वालीद’ काढून ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ असं केलं.

मोहोर

‘अपंगत्व असलेली व्यक्ती.’ लांब आहे, पण त्यात माणूस आधी नसला तरी शेवटी नक्की आहे.

तिठा

सगळ्यांचे आभार. संपादकांना हा धागा वाचायला दिला, त्यांनी मान्य केलं. लेखात माझ्या स्वतःच्या वाक्यांत आजच्या खेळाडूंसाठी ‘पॅरा खेळाडू’, कायद्याबद्दल लिहिताना ‘दिव्यांग’, आणि त्या अधिकाऱ्याच्या वाक्यात ‘अपंग’. पहिल्या वेळी ‘इन्वालीद’ तसाच ठेवून पुढे दोन ओळी समजूत.

जुने विद्यार्थी, ती दुकानातली पाटी मला त्या वाक्याच्या लगेच खाली हवी आहे, चौकटीत. दुकानातल्या पाटीसारखं मराठी करून द्याल का?

जुना विद्यार्थी

शब्दशः ‘रांगेबाहेर सेवा दिली जाते’ असं होतं, पण आपला दुकानदार तसं लिहिणार नाही. रेशनच्या दुकानावर जसं लिहितील तसं करतो:

‘महायुद्धात लढलेले व युद्धात अपंग झालेले यांस रांगेत उभे राहण्याची गरज नाही.’