फ्लॅटहेड व्ही८ वर तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर बसवले, आता रेस दिली की इंजिन गुदमरतंय

रॉडवेडा:
मंडळी, इंजिन फोर्डचं ८बीए फ्लॅटहेड (म्हणजे वॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, खाली ब्लॉकमध्ये), १९४९ ते ५३ मधलं २३९ क्युबिक इंचवालं, आतून अगदी स्टॉक. वर जुन्या हॉट रॉडसारखे (वेगासाठी फेरफार केलेल्या गाड्या) ओळीने तीन ९७ कार्ब, तिन्ही एकदम उघडतात, पेट्रोलला इलेक्ट्रिक पंप. आयडलिंगला काळा धूर, प्लग काळेकुट्ट, मधल्या कार्बच्या गॅस्केटमधून पेट्रोल पाझरतं आणि पाय एकदम दाबला की भप्प करून इंजिन बसतं, मग जरा वेळाने सावरतं. जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बारीक टाकू का?

चोकओढ्या:
जेटला हात लावू नको रे बाबा. आधी पंपाचं प्रेशर मोज. ९७ ला अडीच-तीन पीएसआय म्हणजे डोक्यावरून पाणी, इलेक्ट्रिक पंप सर्रास पाच-सहा देतात, मग बाउलमध्ये (कार्बच्या पेट्रोलच्या वाटीत) येणारं पेट्रोल अडवणारा निडल वॉल्व्ह सीटवर बसणार कसा, कार्ब ओव्हरफ्लो होणारच. रेग्युलेटर टाक, गेज त्याच्या पुढे लाव. मग लेव्हल बघ, पेट्रोल बाउलच्या काठाखाली १५/३२ इंच, म्हणजे साधारण १२ मिमी.

जुनाखटारा:
प्रेशरचं पटलं, पण भप्प होतंय ते वेगळं दुखणं आहे. हिशोब कर ना, २३९ गुणिले ५००० आरपीएम भागिले ३४५६, आले ३४६ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), स्टॉक फ्लॅटहेड त्यातली फार तर ८० टक्के हवा ओढणार म्हणजे पावणेतीनशे. एक ९७ दीडशेच्या आसपास देतो, म्हणजे दोनातच भागलं. तीन एकदम उघडले की व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्बच्या अरुंद गळ्यातून, हवा रेंगाळत जाते, तिथे ओढच तयार होत नाही आणि मेन जेटमधून पेट्रोल वर चढत नाही. एक कार्ब उतरव.

रॉडवेडा:
रेग्युलेटर लावला, अडीचवर ठेवलाय. पाझरणं बंद, धूरही गेला. भप्प मात्र आहे तसंच. पण तिसरा कार्ब काढवत नाही हो, बॉनेट काढून ठेवतो ते काय उगाच?

जुनाखटारा:
😄 मग प्रोग्रेसिव्ह लिंकेज घाल. मधला एकटा गाडी चालवेल, कडेचे दोन तो अर्ध्याच्या पुढे गेला की उघडतील. कडेच्यांचे आयडल स्क्रू पूर्ण बंद, चोकच्या पट्ट्या काढून टाक. आणि बसवायच्या आधी प्रत्येकाचा बेस बल्बसमोर धरून बघ, थ्रॉटल प्लेटच्या कडेला चंद्रकोरीएवढा जरी उजेड दिसला तरी तिथून हवा आत जाणार आणि आयडलिंग जन्मात लागणार नाही.

ड्रायलेक:
कॅलिफोर्नियात म्युरॉक नाहीतर एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणारे तीन-चार कार्ब लावायचे ते ठीक होतं, कारण बोअर-स्ट्रोक वाढवून इंजिन तीनशे क्युबिक इंचाच्या घरात नेलेलं, कॅम तगडा, आणि पाय सगळा वेळ तळाला. सिग्नलला थांबायचंय कुणाला! काहींनी तर आर्डनची ओव्हरहेड वॉल्व्ह हेडं चढवली होती. स्टॉक इंजिनाला तो थाट झेपत नाही, माझं मत दोनच ठेव.

चोकओढ्या:
लिंकेज बदलायच्या आधी अजून एक, इंजिन बंद ठेवून मधल्या कार्बच्या तोंडात बघत थ्रॉटल हलव. हलवल्या हलवल्या पेट्रोलची धार पडली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं (पाय दाबताच जादा पेट्रोल मारणारा कार्बमधला पंप) चामडं वाळलंय, ते आधी बदल.