हिप्नोथेरपी आणि गावचा घाडी : मुळात गोष्ट एकच आहे का?

माडाखालचा
विषय वादाचा आहे, पण मनापासून विचारतोय. माझ्या बहिणीला सात-आठ वर्षं आयबीएसचा त्रास, ऑफिसला निघायचं म्हटलं की पोटात कळ आणि परत संडासकडे धाव. रिपोर्ट सगळे नॉर्मल. औषधांचा गुण तेवढ्यापुरता. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहनाने उपचार, करून बघा म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी मीही आत बसलो होतो. बाई एकाच लयीत, हळू आवाजात बोलत होत्या, हात पोटावर ठेव, हाताची ऊब आत उतरतेय, आतडी म्हणजे नदी, ती आता संथ वाहतेय. बारा वेळा गेली ती. पूर्ण बरी नाही झाली, पण आता लोकलने जाते, जी ती वर्षभर टाळत होती.

पण ते ऐकताना मला सारखा आमच्या गावचा घाडी आठवत होता. आजीच्या पोटात गोळा उठला की त्याला बोलावणं जायचं. धूप, मुठीत तांदूळ, एका सुरात लांबलचक गाऱ्हाणं, मग पोटावरून हात फिरवत "भियाव नको, तुका काय्येक होवचा नाय". आजी तिथेच डोळे मिटायची आणि सकाळी उठून पेज जेवायची. मला तर दोन्हीत फरक फक्त एसीचा आणि पावतीचा वाटला. मग एकाला थेरपी आणि दुसऱ्याला अंधश्रद्धा का म्हणायचं?

सातारी_कंदील
दादा, बहिणीला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण फरक फक्त एसीचा हे मी अजिबात मान्य करणार नाही. वीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतोय, माझ्या डोळ्यासमोर बारा-तेरा वर्षांचं पोरगं गेलं. मण्यार चावली होती, पहाटे, चावल्याची खूण पण नीट दिसत नव्हती. देवऋषाकडे तीन तास गेले, लिंबू उतरवलं, अंगारा लावला, कडुलिंबाचा पाला चारला. कडू लागला नाही तर विष चढलंय म्हणे. दवाखान्यात आणलं तेव्हा श्वास थांबत आला होता. तुमच्या आजीचा गोळा गॅसचा असेल म्हणून पेज जेवली. तो अपेंडिक्स असता तर?

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, तो उगाच नाही घातला. त्या कायद्यासाठी झगडता झगडता डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यामुळे "एकच गोष्ट आहे" असं सहज म्हटलेलं माझ्याच्यानं ऐकवत नाही.

माडाखालचा
सर, साप चावल्यावर घाडीकडे न्या असं मी कुठे म्हटलं? मी पोटाच्या गोळ्याबद्दल बोलतोय, भीतीबद्दल, झोप न लागण्याबद्दल. जिथे डॉक्टरही म्हणतात रिपोर्टमध्ये काही नाही, तिथलं विचारतोय.

नाशिकची_मानसतज्ज्ञ
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, हिप्नोसिस वापरते, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकते. माडाखालचा यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा बरोबर आहे.

नातं जुनं आहे. 1845 मध्ये बंगालमध्ये हुगळीला एस्डेल नावाचा सर्जन अंगावरून तासन्‌तास हात फिरवून रोग्याला गुंगीत न्यायचा आणि त्या अवस्थेत मोठमोठ्या गाठी कापायचा, तेव्हा क्लोरोफॉर्म आलंच नव्हतं. त्याने तिथल्या एका झाडफूंकवाल्याला तुझी पद्धत दाखव म्हणून सांगितलं, आणि त्याचं पुटपुटणं, हात फिरवणं बघून लिहून ठेवलं की हा तर माझंच काम करतोय. म्हणजे तुमचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका गोऱ्या डॉक्टरलाही पडला होता.

त्याच्याही आधी पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणत होता की माझ्यातून चुंबकी शक्ती वाहते आणि रोगी बरा होतो. 1784 मध्ये राजाने चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए असे शास्त्रज्ञ. त्यांनी बागेतल्या एकाच झाडाला "शक्ती" द्यायला लावली आणि डोळे बांधलेल्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. पोरगा भलत्याच झाडाजवळ बेशुद्ध पडला. शक्ती झाडात नव्हती, पण पोरगा पडला हेही खरंच ना? माझं सगळं काम त्या पडण्यावर उभं आहे. लक्ष एका जागी गोळा होणं, अपेक्षा, सूचना. घाडीकडेही हेच घडत असणार.

मग फरक कुठे? एक म्हणजे हिप्नोसिस हा उपचार नाही, उपचार करायचं साधन आहे. आयबीएसवर 1984 मध्ये मँचेस्टरच्या व्होर्वेल यांनी 30 रोग्यांवर तुलना करून दाखवलं, ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत बारा महिने औषधांनी गुण नाही आला तर याचा विचार करा असं आहे, पण सगळ्यांना हे सारखं लागू पडत नाही, काही लोक गुंगीत जातच नाहीत आणि ते आपण आधी तपासू शकतो. दुसरं म्हणजे माझ्याकडे गुंगीत रोगी जातो. भगताकडे बऱ्याचदा भगत स्वतः जातो, वारं त्याच्या अंगात येतं, रोगी समोर जागा बसलेला असतो. हा लहान फरक नाही.

गोंयकार_हांव
पॅरिसचं नाव निघालं आणि आबे फारियाचं निघालं नाही? पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे बघा, पाद्री हात पसरून उभा आणि खाली बाई कलंडलेली. कांदोळीचा माणूस, 1756 चा जन्म. 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांना खुर्चीत बसवून नुसतं "झोपा" म्हणायचा. आणि ठासून सांगायचा की माझ्यात कसलीच शक्ती नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं. लोकांनी त्याची टिंगल केली, 1819 मध्ये हालात मेला. इंग्रज डॉक्टर ब्रेडने हिप्नोटिझम शब्द रुळवला तो 1843 मध्ये! आमच्याकडे म्हणतात की फारियाने हे गोव्यातल्या घाड्यांकडूनच उचललं असणार.

नाशिकची_मानसतज्ज्ञ
तो पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला. लहानपणी गावात कुणाच्या अंगात भार आलेला बघितला असेल, नाकारत नाही. पण उचललं असं म्हणायला पुरावा लागतो. आणि मला तर उलटंच दिसतं, घाडी म्हणतो देवाने केलं, फारिया म्हणतो मी पण नाही, देव पण नाही, तूच केलंस. दोघं एकाच दारात उभे असतील पण तोंडं विरुद्ध दिशेला आहेत.

जव्हारचा_मास्तर
आमच्या पाड्यावरचं सांगतो. इथे भगत म्हणजे नुसता घुमणारा माणूस नाही, त्याला कुणाच्या घरात कोण किती कर्जात आहे, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणी कुणाशी बोलत नाही सगळं माहीत असतं. आजारी माणूस आला की तो आधी घरच्यांना बोलतं करतो. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर दोन मिनिटं देतो, तेही पेशंटची बोली न कळता. मी डॉक्टरांना दोष देत नाही, रांग तेवढी असते.

2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूच्या एका मुथुस्वामी देवळावर अभ्यास आला होता. गंभीर मानसिक आजाराचे 31 लोक तिथे नुसते राहिले, सरासरी सहा आठवडे, आणि लक्षणं साधारण 20 टक्क्यांनी कमी झाली. अभ्यास करणारे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होते.

सातारी_कंदील
मास्तर, तो अभ्यास मीही वाचलाय आणि तुम्ही महत्त्वाचं राहू दिलंत. तिथे बरं करायचा कसला खास विधीच नव्हता, मारझोड नव्हती, साखळ्या नव्हत्या. घरचं माणूस सोबत, निवांत जागा, थोडं काम. म्हणजे गुण आला तो आधाराचा, घुमण्याचा नाही. मग श्रेय वाऱ्याला का द्यायचं? त्याच तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्ण ठेवायच्या जागेला 2001 मध्ये आग लागली तेव्हा 28 माणसं जळून गेली, कारण ती साखळीने बांधलेली होती. "दर्ग्यात गुण येतो" म्हणूनच आणून ठेवलेली होती ना ती?

पायरीवरची
मी कधी लिहीत नाही पण आज लिहिते. माझ्या सासूबाईंच्या अंगात यायचं, दर अमावस्येला. आमच्या घरात बाईने मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. सासरे प्यायचे, हात उचलायचे. पण अंगात आलं की सासूबाई केस सोडून ओट्यावर बसायच्या आणि नाव घेऊन म्हणायच्या, दारू सोड नाहीतर वंश बुडवीन. आणि तो माणूस पाया पडायचा! पंधरा दिवस खरंच प्यायचा नाही. सोळाव्या दिवशी परत सुरू. हे सोंग नव्हतं, त्यांना नंतर काही आठवायचं नाही, अंग ठणकायचं.

तुम्ही लोक घाडी आणि डॉक्टर यांची तुलना करताय, पण बंद खोलीत दोघांनी बसून केलेली हिप्नोथेरपी आमच्या सासूबाईंना काय देणार होती? त्यांचं पोट शांत झालं असतं, सासऱ्यांचा हात थांबला नसता. अंगात आल्यावर सगळं घर ऐकायचं. तेवढा एकच दिवस.

आणि दुसरी बाजू पण सांगते, म्हणजे कुणाला मी भगतांची बाजू घेते असं वाटायला नको. माझी मुलगी बाळंतपणानंतर फार खचली तेव्हा शहरातल्या एका हिप्नोथेरपी करणाऱ्याने तिला मागच्या जन्मात नेलं, आणि तिथे तू तुझं मूल टाकून दिलं होतंस असं तिच्या तोंडून वदवून घेतलं. त्यानंतर ती बाळाला हात लावायला घाबरायची. भिंतीवर चार सर्टिफिकेटं होती. सातारी भाऊ, याच्यावर कुठला कायदा लागतो ते सांगा.

नाशिकची_मानसतज्ज्ञ
ताई, वाचून हात थांबला. गुंगीत असताना सुचवलेली गोष्ट माणसाला स्वतःची आठवण वाटायला लागते, म्हणून "मागे जा, शोध" हे करायचंच नसतं. मागचा जन्म हा उपचार नाहीच, कुणीही करो. लेकीला अजून त्रास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, बाळंतपणानंतरचं नैराश्य औषधांनी आणि बोलण्याने बरं होतं. इथे कुणीही स्वतःला हिप्नोथेरपिस्ट म्हणवून घेऊ शकतं, त्यामुळे आधी बघायचं की माणूस डॉक्टर आहे का किंवा सरकारच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदलेला मानसशास्त्रज्ञ आहे का.

सातारी_कंदील
ताई, खरं सांगतो, देवऋषाविरुद्ध तक्रार कशी लिहायची ते मला पाठ आहे, सर्टिफिकेटवाल्याविरुद्ध कशी लिहायची ते मी आजवर शिकलो नाही. आमच्या वकिलांना विचारून इथेच लिहितो. सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्यासारख्या बायका मी शेकडो बघितल्यात, त्यांना आम्ही कधी ढोंगी म्हणत नाही. पण सोळाव्या दिवशी काय, हा प्रश्न मला तुमच्याइतकाच टोचतो.

माडाखालचा
पायरीवरच्या ताई, मी एसी आणि पावती म्हटलं होतं ते मागे घेतो. आजीकडे घाडी यायचा तेव्हा आमचं पण सगळं घर जमायचं, काका मुंबईहून पत्र पाठवायचे, आजोबा दोन दिवस आवाज चढवायचे नाहीत, हे मी लिहायचंच विसरलो होतो. बहिणीला आज विचारलं, तू बारा वेळा गेलीस तेव्हा घरी काय बदललं? म्हणाली, काही नाही, डबे मीच करत होते.

जव्हारचा_मास्तर
सातारी, आमच्या पाड्यावर या एकदा, पण पोस्टर घेऊन नको. भगताच्या ओट्यावर बसू. मण्यार आणि घोणस चावली तर आधी गाडी बोलव, गाऱ्हाणं गाडीत घाल, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्यायचंय. पावसाआधी या, नांगरणीला साप निघतात.