लॅटिनचा 'एक्वुस' गेला कुठं? काबाय्यो, काव्हाल्लो, शव्हाल हे कुठून आले?

दर्यापूरचा_वाचक:
मोबाईलवर स्पॅनिश शिकून रायलो. घोड्याले 'काबाय्यो' म्हनतात, इटालियनमधे 'काव्हाल्लो', फ्रेंचमधे 'शव्हाल'. पन लॅटिनमधे घोडा म्हनजे 'एक्वुस', संस्कृत 'अश्व'चा सख्खा भाऊ. मंग लेकीभाषांनी तो काहून सोडला? कोनाले माहीत असन तर सांगा ना बा.

पूर्णाकाठ:
भाऊ, लॅटिनमधे दोन शब्द होते. एक्वुस म्हनजे लढाईचा, शर्यतीचा, कवितेतला घोडा आन् 'काबाल्लुस' म्हनजे ओझ्याचं तट्टू. हा दुसरा बहुतेक बाहेरच्या भाषेतून आला. होरेस नावाच्या जुन्या रोमन कवीच्या कवितेतही सापडते. पुढं बोलीत कोन्याही घोड्याले काबाल्लुसच म्हनू लागले आन् स्पॅनिश, फ्रेंच वाढल्या त्या बोलीतूनच, ग्रंथातल्या लॅटिनमधून नाही. इटालियन-फ्रेंचमधे मधला ब चा व झाला, फ्रेंचमधे सुरुवातीचा क चा श झाला (मांजर 'कात्तुस', त्याचं 'शा'), रोमानियनमधे घासून नुसतं 'काल' उरलं. त्याच तट्टूवरून सरदारासाठी काबाय्येरो आन् शव्हाल्ये आले, मले हे लय भारी वाटते.

शेगाववाट:
आपल्याकडंही तेच झालं ना. अश्व पोथीत राहिला, बोलीत 'घोटक'चा घोडा झाला. शेगावची पालखी निघाली का पेपरात 'गज, अश्व' छापून येते, पन टांग्याले अश्व जुंपला असं कोनी म्हनते का? फ्रेंचनंही 'एकेस्त्र' म्हनजे घोडेस्वारीचा, हा शब्द मागाहून ग्रंथातूनच उचलला.

पूर्णाकाठ:
बरोबर. पन एक्वुस पुरता गेला नाही हां, त्याची घोडी 'एक्वा' जगली. स्पॅनिश 'येग्वा', पोर्तुगीज 'एग्वा', रोमानियन 'यापा'. मले वाटते पैदास घोडीवर चालते, म्हनून तिचं नाव घोडे पाळनाऱ्यांच्या तोंडात टिकलं असन.

दर्यापूरचा_वाचक:
यापा मधे प कुठून आला?

पूर्णाकाठ:
रोमानियनची ती सवयच हाय. पानी 'आक्वा'चं 'आपा', चार 'क्वात्तुओर'चं 'पात्रु'.

शेगाववाट:
फ्रेंच घोडी मात्र वेगळी, 'ज्युमाँ'. ते लॅटिन 'यूमेंतुम'वरून, म्हनजे जुंपायचं जनावर. त्याच कुळातला 'युगुम', आन् युगुम म्हनजे बैलाच्या मानेवरचं जू. आपलं जू संस्कृत 'युग'मधून आलं, आन् युग-युगुम एकाच मुळाचे.