कुत्र्याने झोपेच्या गमी खाल्ल्या, आता काय करायचं?

प्रश्न
10 किलोच्या बीगलने अर्ध्या तासापूर्वी झोपेच्या गमीची (चघळायच्या गोड गोळ्या) बाटली फोडली. मोजून पाहिलं तर 12 गमी कमी आहेत. बाटलीवर 'मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) 5 मिग्रॅ' लिहिलंय. अजून तरी नेहमीसारखा उड्या मारतोय. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू का?

प्रतिसाद 1
मीठ अजिबात नको. रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, कुत्रं दगावूही शकतं. दूध, तेलही पाजू नका. आधी व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) फोन लावा. फोनवर वजन, किती गमी, किती वाजता हे तिन्ही लागेल.

12 गमी म्हणजे 60 मिग्रॅ, किलोमागे 6 मिग्रॅ. नुसतं मेलाटोनिन असेल तर बहुतेक वेळा सुस्ती, उलटी, डगमगती चाल एवढ्यावर निभावतं. मात्र 5 मिग्रॅ हे एका गमीचं की दोन गमींच्या डोसचं, ते नीट बघा. इथे हिशोब हमखास चुकतो.

खरी भीती गोडव्याची आहे. मागच्या बारीक अक्षरांत झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई 967 शोधा. माणसाला निरुपद्रवी असलेल्या या साखरेच्या पर्यायाने (तिन्ही नावं एकाच पदार्थाची) कुत्र्याच्या शरीरात भसाभस इन्सुलिन सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे 0.1 ग्रॅम पुरते, म्हणजे तुमच्या कुत्र्याला अवघा 1 ग्रॅम. किलोमागे 0.5 ग्रॅमच्या वर गेलं की यकृतालाही धोका. 'खेळतोय' यावर विसंबू नका. लक्षणं कधी अर्ध्या तासात दिसतात, कधी कित्येक तासांनी.

प्रतिसाद 2
यात एक भर. लेबलवर 5-एचटीपी किंवा ग्रिफोनिया बियांचा अर्क आहे का तेही बघा. त्याने सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) बेसुमार वाढतं: थरथर, ताप, विस्फारलेल्या बाहुल्या, झटके. किलोमागे साधारण 24 मिग्रॅपासून विषबाधा नोंदलेली आहे. 100 मिग्रॅच्या तीन कॅप्सूलमध्ये 10 किलोचं कुत्रं ती मर्यादा ओलांडतं. कुत्र्याला फ्लुओक्सेटीन (सेरोटोनिन वाढवणारं औषध) चालू असेल तर ते आवर्जून सांगा, धोका वाढतो. डायफेनहायड्रामिन किंवा डॉक्सिलामिन (गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं) असलेल्या गोळ्यांनी उलट अस्वस्थता आणि हृदयाची धडधड वाढते, सुस्तीच येईल असं नाही.

उलटीबद्दल: 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त व्हेटने सांगितलं तर, आणि त्यांनी सांगितलेल्याच मापाने. पोटाच्या अस्तराला ते भाजतं. कुत्रं पेंगत असेल, झटके येत असतील किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर घरी उलटी करवूच नका. ती फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो.

प्रश्नकर्ता
घटकांमध्ये झायलिटॉल आहे! प्रमाण दिलेलं नाही. व्हेट म्हणाले लगेच या.

प्रतिसाद 1
निघा. बाटली, झाकण, उरलेल्या गमी सगळं सोबत घ्या. वाटेत मान टाकली, पाय लटपटले, पण शुद्धीवर असेल तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. विष शोषायला व्हेट जो औषधी कोळसा देतात, त्याला झायलिटॉल फारसं चिकटत नाही, त्यामुळे उलटी वेळेत होणं महत्त्वाचं. पुढे किमान 12 तास दर एक-दोन तासांनी साखर तपासावी लागते, गरज पडली तर शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज). आज ठीक दिसला तरी यकृताच्या चाचण्या दोन-तीन दिवस परत करायला सांगतील, त्या टाळू नका.