मदत हवी आहे: दोन राउटर, एक आयपी फोन आणि एकतर्फी आवाज

नमस्कार मंडळी. घर दुमजली आहे. फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये आणि वर रेंज मिळत नाही म्हणून तिथे दुसरा राउटर, लॅन केबलने जोडलेला. ऑफिसने दिलेला आयपी फोन (इंटरनेटवरून कॉल करणारा) वरच्या राउटरला लावलाय.

फोन वाजतो, मी उचलतो, समोरच्याला माझा आवाज जातो, पण मला काहीच ऐकू येत नाही. बरोबर ३२ सेकंदांनी फोन कट. घड्याळ लावून तीनदा बघितलं! हॅलो हॅलो करून घसा बसला, आई खालून विचारते, कोणावर ओरडतोयस?

तोच फोन खालच्या राउटरला लावला की सगळं सुरळीत. म्हणजे फोन ठीक आहे. खालचा राउटर १९२.१६८.१.१ वर आणि वरचा १९२.१६८.०.१ वर, दोघंही आपापले पत्ते वाटतायत. हेच ते डबल नॅट, म्हणजे एकामागोमाग दोन राउटर पत्ते बदलतायत आणि आवाजाला परतीची वाट सापडत नाही, असा माझा अंदाज.

वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय पुढे देणारा) टाकला, तर पुरेल का? मोड नसेल तर डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करून केबल वॅनऐवजी (इंटरनेट आत येतं ते पोर्ट) लॅन पोर्टमध्ये लावायची म्हणतात, कोणी केलंय? आणि सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी राउटरची सोय) दोन्हीकडे बंद करायचं की वरचंच? खालच्यात तो पर्यायच दिसत नाही, कंपनीने लॉक केलाय बहुतेक.

पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट फोनपर्यंत वाट उघडणं) शक्यतो नको. कॉलसाठीचा ५०६० नंबरचा पोर्ट उघडा ठेवला की फुकट कॉल करणारे लगेच येऊन ठोठावतात म्हणे.