चालू कंटेनर बंदरात बांधकाम: सलग ब्लॉक द्यावा की रोज रात्री थोडं थोडं?

धुळेकर_सिव्हिल
मूळ धुळ्याचा, कामधंदा बंदरातल्या ठेकेदारीत. मत सरळ मांडतो: रोज रात्री तीन-चार तासांच्या तुकड्यांत काम उरकणं बंद करा. कंटेनर रचायच्या यार्डाचा एक पट्टा पूर्ण रिकामा करून तीन आठवडे ठेकेदाराच्या ताब्यात द्या, म्हणजेच सलग ब्लॉक.

यार्डातल्या रबरी टायरच्या क्रेन, म्हणजे आरटीजी, ज्या काँक्रीटच्या पट्टीवर धावतात ती तडकली की तोडून नवी घालावी लागते. रात्री ११ ला गेटपास, परमिट, बॅरिकेड. ब्रेकर सुरू होईपर्यंत १ वाजतो, आणि ४ ला ऑपरेशनवाले 'आवरा' म्हणून उभे. लवकर घट्ट होणारं महाग काँक्रीट ओतून जेमतेम चार-पाच मीटर होतं. जितके तुकडे, तितके सांधे. पावसाळ्यात पाणी सांध्यातूनच खाली उतरतं, खालचा थर धुपतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा टेंडर! सलग ओतलं असतं तर हे झालं नसतं.

रावेरचा_केळीवाला
भाऊ, तुमचं काँक्रीट तीन आठवडे थांबेल, माझी केळी थांबत नाही. हिरवी कापायची, पॅकहाऊसमध्ये धुऊन गार करायची, १३ अंशांच्या आसपास रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये भरायची. त्याखाली गेली तर साल काळवंडते, वर राहिली तर वाटेतच पिकते. आखातात उघडल्यावर पिवळी निघाली की भाव पडलाच समजा.

तुम्ही पट्टा बंद केला की त्यातले डबे दुसरीकडे रचणार. यार्ड ७०-८० टक्क्यांच्या वर भरलं की एक डबा काढायला वरचे तीन हलवावे लागतात. मग ट्रेलरची रांग गेटबाहेर, आणि माझा रीफर जेनसेटवर, म्हणजे जनरेटरवर, डिझेल पीत उभा. मागच्या हंगामात ड्रायव्हरचा फोन आला, 'शेठ, डिझेल संपत आलं, रांग हलत नाही.' ते डिझेल कुणाच्या बिलात लावायचं? रात्रीचंच काम बरं.

भुसावळ_रिटायर्ड
आयुष्य रेल्वेत गेलं, म्हणून लिहितो. आम्ही चालू लाईनवरच ब्लॉक घेऊन काम करतो. पण ब्लॉक मागण्याआधी माल, माणसं, मशीन जागेवर हजर पाहिजेत, आणि वेळेत लाईन परत दिली नाही तर 'ब्लॉक बर्स्ट' म्हणून जबाब द्यावा लागतो. धुळेकरांना ब्लॉक हवा, पण बर्स्ट झाल्यावर ठेकेदाराच्या खिशाला किती चाट बसणार, ते त्यांनी लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांचे पाच झाले तर?

तापीकाठ_नंदुरबार
हा वादच जुन्या बंदरांचा. वाढवणला नव्या बंदराचं ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, प्रत्येकी १,००० मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल, सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली. मोकळ्या जागी बांधा, चालू बंदराला हात लावायचं कारणच काय?

धुळेकर_सिव्हिल
@तापीकाठ, मोकळी जागा कुठली? तिथे १,४४८ हेक्टर भराव घालायचाय. डहाणूच्या मच्छीमारांना ती जागा मोकळी वाटते का, त्यांनाच विचारा. शिवाय वाढवण टप्प्याटप्प्याने होणार. पहिल्या टप्प्याला जहाज लागलं की दुसऱ्या टप्प्याचं काम चालू बंदरातच. न्हावा शेव्यातही एका टर्मिनलचा पहिला १,००० मीटरचा धक्का २०१८ ला सुरू झाला आणि उरलेला १,००० मीटर २०२५ ला त्याला जोडला. जुन्या-नव्या धक्क्यावरून रुळावरची क्रेन सलग धावायची तर रुळाची उंची मिलिमीटरमध्ये जुळवावी लागते.

@भुसावळ, दंडाला माझी ना नाही. पण दोन्हीकडून लावा. पट्टा ठरल्या तारखेला रिकामा करून मिळाला नाही तर आमची मशिनरी आणि मजूर बसून राहतात. त्याचा क्लेम केला की वर्षभर फाईल फिरते.

एक मात्र ब्लॉकनेही सुटत नाही. खाडीतल्या मऊ गाळावर भराव घातला की त्यातलं पाणी निघायला महिने लागतात. त्यात उभ्या निचरापट्ट्या खुपसून वर मातीचं वजन ठेवतात, तरी घाई केली तर फरसबंदी पुढे खचतेच. तिथे नियोजनवाल्यांनी बारचार्टमध्ये आखलेली तारीख कागदावरच.

रावेरचा_केळीवाला
म्हणजे तीन आठवडे हा आकडाही कागदावरचाच ना?

आणि ब्लॉक घेणार कधी? पावसात फरसबंदी होत नाही, म्हणजे कोरड्या महिन्यांत. जानेवारी ते एप्रिल नाशिकच्या द्राक्षाचे रीफर त्याच गेटवर. सगळ्यांनाच कोरडे महिने हवेत.

धुळेकर_सिव्हिल
मग रीफरचे प्लग असलेला भाग ब्लॉकबाहेर ठेवू आणि नाशवंत मालाला वेगळी लेन देऊ. रिकाम्या डब्यांचा पट्टा आधी घेऊ, त्यांना घाई नसते.

रावेरचा_केळीवाला
लेन दिली तर विचार करू. पण तारीख महिनाभर आधी कळवा. घड झाडावर असताना कापणी चार दिवस मागेपुढे करता येते. ट्रेलर कसारा घाट उतरल्यावर कळवलंत तर उपयोग नाही. आणि जेनसेटच्या डिझेलचं अजून कुणी बोललं नाही.

भुसावळ_रिटायर्ड
ते ब्लॉक बर्स्टच्या दंडातून द्या. टेंडरमध्येच लिहा.